कळपातलं सुटलेलं जनावर

माकणीच्या माळावर बिराप्पा मेंढरांना जंताचं औषध पाजत होता. मान काखेत, दोन बोटं जबड्यात, औषध घशात. थुंकलं की परत पाजायचं. त्याच्या हातून एकही मेंढरू सुटायचं नाही, आणि त्याचा त्याला लई तोरा.

हात धुऊन टेकला, तोवर गावची आशा कार्यकर्ती दैवशाला आली. त्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून तिनं आकडा बघितला.

"मामा, बीपी लई वाढलंय. रोज गोळी घेता न्हवं?"

"घेतो की. गरगरलं की घेतो. बरं असल्यावर उगं कशाला?"

"गोळी घेतली म्हणून बरं वाटतंय, मामा. बंद करू नगा."

बिराप्पा हसला. बायको, सिताबाई, हसली नाही.

पुढच्याच आठवड्यात धरणाच्या काठाला कळप गावातल्याच शरणबसप्पाच्या हरभऱ्यात शिरला. बिराप्पानं हाळी द्यायला तोंड उघडलं, तर शब्दच फुटेना. ओठ एका अंगाला ओघळला, हातातली काठी गळाली. शिव्या देत धावत आलेला शरणबसप्पा त्याचं तोंड बघून शिव्याच विसरला. जीपमध्ये घालून त्यानंच दवाखाना गाठला.

वाटेतच वाचा परत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नशीब तुमचं, अर्धांगवायू थोडक्यात टळला. गोळ्या अशाच सोडल्या, तर पुढच्या वेळी बोलणं कायमचं जाईल."

तपासण्या होऊन घरी आल्यावर खाटेवर पडल्या पडल्या बिराप्पाला स्वतःचंच हसू आलं.

"सिते, सगळ्या कळपाला म्या औषध पाजलं. एक जनावर तेवढं सुटलं."

"कंचं?"

"हे खाटंवरचं. शिंगं न्हाईत, म्हणून ध्यानात आलं न्हाय."

सिताबाईनं पदरानं डोळे पुसले. "आता सुटतंय कसं, बघते की."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर तिनं गोळी दिली आणि वर दरडावलं, "जीभ दावा. गिळली का बघते." बिराप्पानं गुमान दावली. नेमका त्याच वेळी शरणबसप्पा विचारपूस करायला आला आणि खो खो हसला.

"ह्या वयात बायकूला जीभ दावतोस व्हय गा?"

"हास की. पर त्या दिशी तोंड वाकडं झालतं, आता जीभ सरळ निघतीया का, तेवढं बघून सांग."

शरणबसप्पा वाकला. नीट बघितलं. हसू मावळलं.

"सरळ हाय," तो म्हणाला. ओसरीच्या कडेला टेकत हळूच बोलला, "बीपीच्या गोळ्या मला बी दिल्यात गा. फळीवर धूळ खात पडल्यात."

सिताबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"जावा, भावजी. घिऊन या."