धूरनाथांचं लिंबू

पंचगंगेच्या पुलापलीकडे, पन्हाळा रस्त्यावरच्या पीयूसीच्या टपरीपुढं रविवारी जत्रा भरली होती. गाड्या टपरीवर नापास होत, आणि शेजारच्या वडाखाली धूरनाथ महाराज दक्षिणा घेऊन त्या पास करून देत.

"ॐ कार्बुरेटराय नमः! सायलेन्सरात दडलेल्या पिशाच्चा, भाईर ये!" महाराज एका गाडीच्या बॉनेटला केरसुणीनं झोडपत होते.

"चांगभलं!" गर्दी गरजली.

अनुजाला हसू आवरेना. ती कोडोलीच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायची, आणि मार खाणारी गाडी तिच्याच घरची होती. "महाराज, ह्या गाडीला कार्बुरेटरच नाही."

"म्हणून तर पिशाच्चाला जागा घावली!"

टाळ्या पडल्या. हजरजबाबीपणात महाराज पैलवानच होते. मग त्यांनी डोळे मिटले. "आकाराम, सुनेचा हात स्टिअरिंगला लागला, तवापासनं ही सावली हाय. गाडी मी पास करून देतो. पर किल्ली पुन्हा तिला दिलीस, तर इंजिन पेट घेईल!"

अनुजाचं हसू मावळलं. आकाराम तिचे सासरे. गाडी चालवायला तिला हौसेनं शिकवलं होतं ते त्यांनीच. आता त्यांनीच तिच्या हातातली किल्ली काढून घेतली. "मनाला लावून घेऊ नगंस, पोरी. उद्यापासनं एसटीनं जा."

महाराजांनी आरशाला लिंबू बांधलं. "जोतिबाच्या घाटातनं एक फेरी मारून ये. माघारी येऊन नळी लागंपतुर इंजिन बंद करायचं न्हाय. बंद केलंस की मंत्र तुटला!"

आकाराम फेरी मारून आले. टपरीवाल्या ज्ञानूनं सायलेन्सरात नळी घातली, मशीनकडं बघितलं आणि ओरडला, "पास!"

गर्दी लिंबाच्या पाया पडली. अनुजा मात्र विचारात पडली. इंजिन बंद झालं की तुटणारा हा कसला मंत्र? मंत्राला पेट्रोल लागतं की काय?

"मामा, सकाळी गाडी टपरीवर कशी आणली होती?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"ढकलत. गल्लीतनं तर आणायची. हितली समदी तशीच आणत्यात. मशीनपुढं जायच्या आधी धूर कशाला काढायचा?"

तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "महाराज, गाडी बंद करून सावलीत उभी करूया. लिंबू राहू दे तसंच."

"देवाची परीक्षा बघतीस व्हय?"

"देवाची न्हाय, लिंबाची!"

गर्दीला गंमत हवीच होती. लोकांनी फतकल मारली आणि भडंगाच्या पुड्या सोडल्या. उन्हं कलली, बॉनेट हाताला गार लागलं. ज्ञानूनं नाखुशीनं गाडी चालू करून नळी लावली. लिंबू आरशाला लोंबकळतच होतं.

"नापास."

"मंत्र तुटला!" महाराज कडाडले. "सांगितलं हुतं का न्हाय?"

"बरं, तुटला." अनुजानं लिंबू सोडून महाराजांच्या हातावर ठेवलं. "आता मंत्र नको, लिंबू नको. नुसता घाट. आणि गाडी मी चालवणार. मामा, किल्ली."

आकारामनी महाराजांकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग किल्ली पुढं केली.

"घे," ते शेवटी म्हणाले. "पर मी शेजारी बसणार. पेटलो तर दोघंबी पेटू."

घाट चढून गाडी धडधाकट परत आली. पेटलं काहीच नाही. ज्ञानूनं दोनदा मशीन बघितलं. "पास... हाय की."

"ज्ञानू, इंजिन तापवूनच तपासायचं, हे तुला शिकवलं नव्हतं?" अनुजानं विचारलं.

"शिकवलं हुतं की. पर दाजी म्हणालं, गारच तपास."

"दाजी? कोण दाजी?"

ज्ञानूनं जीभ चावली. पण लोकांच्या माना वडाखालच्या महाराजांकडं वळल्या होत्या. मेहुण्यानं गार गाडी नापास करायची आणि दाजींनी ती तापवून पास करायची! दाजी तोवर पळून जायला आपल्या स्कूटरला लाथा घालत होते, पण ती चालू होईना.

"दाजी, मंत्र म्हणा की!" कुणीतरी ओरडलं.

अनुजानं लोकांना समजावलं, "गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवताना पहिला धूर काळाच निघतो ना? चांगलं पेटलं की निवळतो. गार इंजिनाचंही तसंच. पेट्रोल अर्धवट जळतं. धूर स्वच्छ करणारी जाळी सायलेन्सरच्या वाटेवर असते, तीही तापल्याशिवाय कामाला लागत नाही. घाटात दोन्ही तापतात. तरीही गाडी नापास झाली, तर मेकॅनिककडं न्या. फिल्टर, प्लग तो बघेल."

एक आजोबा कुरकुरले, "मग माझं गुडघं दुखायचं ह्याच्या अंगाऱ्यानं कसं राहिलं?"

"डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या का?"

"त्या बी खात हुतो की."

हशा पिकला. आजोबाही हसले, आणि मग विचार करू लागले.

तो विचार ज्यानं त्यानं करायला हवा. फेरी आणि लिंबू एकदम दिलं, तर गुण कुणाचा हे कळणार कसं? दोन्ही वेगळं करा, एकेक करून बघा. आणि जो बघू देत नाही, उलट दोष घरच्या लेकीसुनेवर टाकतो, त्याच्या हातात आपली किल्ली देऊ नका.