गाईंना सवय झाली

माझ्या भावाच्या अंगावर ट्रॅक्टर उलटला, तेव्हा सगळ्यात आधी धावून आला तो बांधाला बांध असलेला शेजारी. त्यानंच आरडाओरडा करून माणसं जमवली, त्यानंच भावाला दवाखान्यात पोचवलं. मी चार कपडे पिशवीत कोंबून माहेरी आले, तोवर गोठा झाडून झाला होता, वैरण पडली होती आणि हा माणूस माझ्या भावाचा सदरा घालून धार काढत बसला होता.

"सदरा कुणी दिला?" मी भावजयीला विचारलं.

"मीच दिला, वन्सं. गाई परक्याला जवळ येऊ देईनात. ह्यांचा वास आला, तेव्हा कुठे पान्हा सोडला."

मी तशी खाष्टच. कुणाला चांगलं म्हणायचं तर माझी दातखीळ बसते. पण अडीअडचणीला धावून आलेल्या माणसाला लगेच नावं ठेवणं मलाही जड गेलं. मी पदर खोचून कामाला लागले.

शेजारी कामाला वाघ होता. बाकीची मंडळी आली, हळहळली आणि हळूहळू आपापल्या शेतात परतली. हा मात्र रोज उजाडायच्या आत हजर. त्यानं नांगरट उरकली, पडलेलं कुंपण उभं केलं. जेवायला बस म्हटलं की आढेवेढे घ्यायचा आणि मग नेमका भावाच्या खुर्चीत बसायचा. दाव्यांना तो स्वतःच्या पद्धतीच्या गाठी मारायला लागला, त्या मला सुटता सुटेनात. खालच्या तुकड्यात काय पेरायचं तेही त्यानंच ठरवलं. "भाऊजी म्हणतात" हे भावजयीचं पालुपद झालं. एकदा तिन्हीसांजेला माझी भाची सदरा बघून "बाबा" म्हणत धावली. त्यानं तिला उचललं. चूक कळून पोर रडायला लागली, तरी तो तिला खाली ठेवेना. शेवटी मीच तिला त्याच्याकडून ओढून घेतलं.

भाऊ परत येईल तेव्हा या घरात त्याची जागा उरलेली असेल का? ही एकच भीती मला कुरतडत होती. दवाखान्यात मी शेजाऱ्याचा विषय काढला की भाऊ डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं, दुखत असेल.

मग भावाला घरी आणलं. कमरेखाली जीव नव्हता. त्या संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, गोठ्यात ने." मी चाकाची खुर्ची ढकलत नेली. त्याच्या हाताखाली वाढलेली पांढरी गाय होती, तिच्यापुढे त्यानं हात धरला. तिनं हात हुंगला. औषधांचा वास आला असावा, ती फुसकारून मागे सरकली. शेजाऱ्यानं तोंडानं नुसता चुक् आवाज केला, तशी ती मुकाट्यानं त्याच्याकडे गेली.

"सवय झाली त्यांना," शेजारी म्हणाला. भाऊ हसला. ते हसू मला बघवलं नाही.

खोलीत आल्यावर मी दार लोटलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "उद्यापासून त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही मी. अरे, घर गिळायला बसलाय तो तुझं!"

"नको, ताई."

"नको काय नको?"

भाऊ दाराकडे बघत हळू आवाजात बोलायला लागला. "ट्रॅक्टरखाली मी शुद्धीवर होतो. तो बांधावर होता. मी हाक मारली, त्यानं वळून बघितलं. आमची नजरानजर झाली, ताई. मी ओरडत होतो आणि तो उभा होता. नुसता उभा. मग रस्त्यावर कुणाची तरी गाडी वाजली, तेव्हा तो बोंब मारत धावला."

"आणि तू गप्प?"

"काय करू? उद्या गाई कोण बघणार? पेरणी कोण करणार? मला कुशीवर कोण वळवणार? तुझे गुडघे बोलतात, हिची पाठ धरलीय. बाकीचे सगळे पांगले. हा एकटा येतो."

"तुला ठाऊक आहे, हे त्याला कळलंय?"

"पहिल्या दिवसापासून. मनाला खातंय म्हणून येतो की अर्धवट राहिलेलं पुरं करायला येतो, ते मला अजून कळलेलं नाही." त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. "हिला सांगू नकोस. ती त्याला हाकलेल, मग आपण संपलो."

त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटलं. खरंच वाटलं. तेवढ्यात दार ढकलून तो आत आला. हात धुऊन, पुसून आला होता. त्यानं आधी भावाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"काय बोलणं चाललंय बहीणभावाचं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"चला, मग खाटेवर घेऊ यांना." तो खाली वाकला. माझ्या भावानं निमूटपणे दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले. "एकट्याला पेलायचं नाही, ताई. तुम्ही पायाकडून धरा."

मी पायाकडून धरलं.