मामांना कोणी विचारलं नाही

बारकी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. केस रंगवणं सोडूनही तिला दोन वर्षं झाली होती, पण मामांच्या लेखी ती बारकीच. लोकांची मतं आजमावणाऱ्या एका संस्थेसाठी ती दारोदार फिरून प्रश्न विचारायची. गळ्यातलं ओळखपत्र दाखवेपर्यंत निम्मे लोक "साबण नकोय आम्हाला" म्हणून दार लावून घेत. उरलेल्या निम्म्यांकडून पाचांपैकी एक आकडा काढून घ्यायचा, हे तिचं काम. एक म्हणजे पूर्ण विरोध, पाच म्हणजे पूर्ण पाठिंबा.

त्या वर्षीचा प्रश्न बंदुकांचा होता. शेजारच्या वस्तीत बांधावरून दोन भावांची जुंपली आणि भिंतीवरची बंदूक खाली उतरली. धाकटा वाचला, पण एका पायाने अधू झाला. मग सरकारने नवा नियम आणायचं ठरवलं. घरात बंदूक ठेवणाऱ्याने दर दोन वर्षांनी डोळ्यांचा आणि डोक्याचा डॉक्टरी दाखला द्यायचा. दाखला मिळाला नाही तर बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची.

झालं, शहरात दोन तट पडले. एक म्हणे, हे दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. दुसरा म्हणे, चोर दाखला घेऊन येतो का? चौकातल्या केशकर्तनालयात तर वस्तरा गळ्याशी असेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईक न्हाव्याच्याच मताचं असे. बारकीला मात्र बंद दाराआडची मतं ऐकायला मिळत. एका बाईंनी हळूच सांगितलं, "चार लिहा. पण ह्यांनी विचारलंच तर दोन सांगा." बारकीने सांगितलं, की ती कुणालाच काही सांगत नाही. कागदावर नाव नसतं, फक्त घराचा क्रमांक असतो.

घरं चिठ्ठ्या टाकून निवडली जात. तिसऱ्या आठवड्यात मामांचं घर निघालं. नातेवाइकांकडे आपण जायचं नाही, असा नियम होता, पण कामातली जोडीदारीण तापाने पडलेली. साहेब म्हणाले, तुम्हीच उरका, प्रश्न वाचा, आकडा लिहा, जास्तीचं बोलू नका.

मामा म्हणजे वजनमापांचे निवृत्त निरीक्षक. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले. वय त्र्याहत्तर, पाठ ताठ, बोलणं त्याहून ताठ. वडिलांची दुनळी बंदूक त्यांच्या बैठकीत खुंटीला टांगलेली असे. शहरातल्या बंदूकधारकांच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते, आणि नियमाविरुद्धचं त्यांचं पत्र दोनदा छापून आलं होतं. त्यांचं उत्तर काय असणार, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

मामी बाजारात गेल्या होत्या. बारकीने प्रश्न जसाच्या तसा वाचला आणि पेन्सिल एकच्या चौकोनावर टेकवलीसुद्धा.

"पाच," मामा म्हणाले.

तिला वाटलं, त्यांना क्रम उलटा कळलाय. तिने पुन्हा समजावलं.

"मला मोजता येतं, बारके. पाच लिही."

खाली कारणासाठी एक मोकळी ओळ होती. ती कोरी ठेव, एवढंच ते म्हणाले आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. बारकीने पाच लिहिलं, पिशवी उचलली आणि निघाली. एरवी मामा समोरच्याकडे पाठ करून कधी उभे राहत नसत. पण त्या दिवशी तेच पाठ करून उभे होते, म्हणून तिनेही विचारलं नाही. रस्ताभर मात्र तिच्या मनात तोच आकडा घोळत राहिला.

महिन्याभराने नगरपालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी झाली. खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. मागच्या रांगेत बारकीच्या शेजारी मामी बसल्या होत्या. सरकारी अधिकाऱ्याने पाहणीचा निकाल वाचला: दहापैकी सहा जण नियमाच्या बाजूने. अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या, उरलेल्यांनी पाय आपटले. मग मंडळाच्या वतीने मामा उठले. त्यांनी तासभर पाठ केल्यासारखं मुद्देसूद भाषण केलं. प्रामाणिक माणसाला दाखला मागणं म्हणजे त्याला संशयित ठरवणं, असं ते म्हणाले. आणि शेवटी आवाज चढवून त्यांनी विचारलं, "ही पाहणी केली कुणाची? मला कोणी विचारलं?"

मंडळाच्या रांगांनी दाद दिली. मंडळातले एक माजी पोस्टमास्तर तर सगळ्यांत शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिले. तेवढ्यात अधिकाऱ्याने विचारलं, की पाहणी करणारं कुणी इथे आहे का, आणि साहेबांनी थेट तिच्याकडे बोट केलं.

ती उठली. मामा-भाची समोरासमोर, हे ओळखून काही जण हसले. मामा मात्र हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत काय होतं ते तिला एकटीलाच कळत होतं. एक शब्द बोलली असती तर मामा भर सभेत तोंडावर आपटले असते, आणि खरं सांगायचं तर एक क्षण तिला तसं बोलावंसं वाटलंही. इतके उन्हातान्हाचे दिवस तिने दारं ठोठावली होती आणि सख्खा मामा तिच्या कामाला खोटं म्हणत होता.

"घरं चिठ्ठ्या टाकून निवडली," ती म्हणाली. "नावं लिहिली नाहीत. उत्तरं ज्यांनी दिली त्यांनी स्वतःच्या मनाने दिली. कुणाला विचारलं आणि कुणाला नाही, हे मी सांगणार नाही. तसा शब्द दिलाय."

मामा खाली बसले. त्यानंतरची भाषणं तिला नीट ऐकू आली नाहीत. घरी जाताना मामींनी चाचरत विचारलं, "आमचं घर होतं का गं तुझ्या यादीत?" बारकी म्हणाली, "मामी, ते विचारू नकोस." एवढ्यावरून मामींना काय कळायचं ते कळलं असावं.

चौथ्या दिवशी सकाळी दहाला मामा बारकीच्या दारात. तिने चहा टाकला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर ते अवघडून बसले. कपाचा कान धरून ते आपणहून बोलू लागले.

सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी ते झोपले होते. मामींनी पंखा दुरुस्त करायला वायरमनला बोलावलं होतं आणि त्या शेजारी गेल्या होत्या. मामांना जाग आली, बैठकीत आले, तर एक अनोळखी माणूस शिडीवर चढून छताशी काहीतरी करतोय. तो कोण, हे त्यांना कळेना. एवढंच असतं तर समजण्यासारखं होतं. पण हे घर कुणाचं, हेही त्यांना कळेना. त्यांनी खुंटीवरची बंदूक काढली. खणातून काडतुसं काढून भरली. ते सगळं हातांना बरोबर आठवत होतं.

"त्याची पाठ माझ्याकडे होती," मामा म्हणाले. "माझं बोट चापावर. किती वेळ, देव जाणे. मग तो न वळताच म्हणाला, काका, तेवढा टेस्टर द्या बघू. आणि मी बंदूक भिंतीला टेकवून त्याला टेस्टर दिला."

बारकीने स्वतःसाठी पुन्हा टाकलेला चहा उतू गेला होता. तिने शेगडी बंद केली.

"त्याला कळलं?"

"नाही. जाताना नमस्कार करून गेला. पंखा झकास चालतो." मामांनी कप खाली ठेवला. "मी इतकी वर्षं काटे तपासले. काटा बिघडलाय हे दुकानदाराला कधीच कळत नसतं. तो शपथेवर सांगतो, साहेब, माझा बरोबर आहे."

त्यांनी हे मामींना सांगितलं नव्हतं, मंडळात तर नाहीच. मग त्यांनी विचारलं, "माझ्यासारखं उत्तर आणखी कुणी..." आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. बारकीला मंडळाच्या रांगेतले दोन-तीन चेहरे आठवले. ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही. पण एकटं वाटून घेऊ नका."

मग ते मुद्द्यावर आले. तिने त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात यायचं होतं. बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षात ठेवली होती, काडतुसं वेगळ्या डब्यात. नियम झाला नव्हता, कुणी मागितली नव्हती, तरी जमा करायची होती.

ठाण्यातल्या हवालदाराने दोन्ही नळ्या उघडून तपासल्या, क्रमांक उतरवून घेतला आणि अर्ज पुढे सरकवला. त्यात कारणाची ओळ होती. मामांनी चष्मा पुसला आणि सुबक अक्षरात लिहिलं: 'स्वतःचा भरवसा वाटत नाही.' हवालदाराने वाचलं, मान वर करून एकदा मामांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

बाहेर पडताना नेमके फाटकात पोस्टमास्तर भेटले. मामांच्या काखेत रिकामी चादर. मामा पटकन म्हणाले, "दुनळी दुरुस्तीला टाकली."

पोस्टमास्तरांनी ठाण्याची पाटी वाचली, चादरीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कागदपत्रं काय काय लागतात हो दुरुस्तीला? माझीही जरा अडकते हल्ली."

मामांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं समजावलं. बारकी रिक्षाशी थांबली.

परतीच्या वाटेवर मामांना कंठ फुटला. नियम चुकीचाच आहे, मंडळात आपण विरोधच करणार, असं ते सांगू लागले. आपण बंदूक दिली ती स्वतःच्या मनाने. सरकारने मागितली असती तर दिली नसती.

"मग पाच का सांगितलंत, मामा?"

रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली, दोन वळणं झाली.

"मनाने दिली खरी," मामा म्हणाले, "पण मनाला सहा महिने लागले. तेवढे दिवस ती खुंटीवरच होती. आणि घरात माणसं येत-जात होती."

घरी मामींनी रिकामी खुंटी पाहिली. त्यांनी बारकीला जेवायला थांबवून घेतलं आणि मामांना पानं घ्यायला लावली.