ओला ठेवलेला चेहरा

गल्लीत त्या मूर्तिकाराला सगळे घुबड म्हणत. नऊ वर्षांत तो कोणाच्या दारी गेला नव्हता आणि कोणाला त्याने उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. सकाळी उठायचं, मातीच्या चेहऱ्यावरचं फडकं भिजवायचं, पिळायचं, पुन्हा गुंडाळायचं. माती वाळली की तडकते.

चेहरा आक्काचा होता. थोरली बहीण, तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. ती गेली त्याच आठवड्यात त्याने तो घडवला. तिचा एक फोटो नव्हता, कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. साचा काढला असता, पण साचा काढताना मातीचं मूळ काम मोडतं. ते त्याच्याने होईना.

आता हात थरथरू लागले. आपल्यामागे फडकं कोण भिजवणार? म्हणून जुन्या कारागिरांवर फिल्म करणारी एक पोरगी कॅमेरावाल्याला घेऊन दारात आली तेव्हा त्याने त्यांना आत घेतलं. फिल्ममध्ये तरी आक्का राहील.

"आजोबा, काम करत असल्यासारखं करा," ती म्हणाली.

"काम कधीच झालंय."

"मग थोडं नाटक करा."

"नाटक जमलं असतं तर चार माणसांत नसतो का राहिलो, बये?"

कॅमेरावाला खो खो हसला. म्हातारा कोरणी घेऊन बसला. कोरणी नुसती हवेत फिरवायची, असं त्याने ठरवलं होतं. पण दिव्यांच्या उजेडात गाल जरा फुगीर वाटला, आणि त्या हातांना खोटं काम ठाऊकच नव्हतं. त्याने गाल थोडा कोरून उतरवला. मग हनुवटी पुढे दिसायला लागली, तिच्यापायी ओठ. एक सांधता तेरा तुटले.

त्याने मान वर केली तर समोर मातीत कोणी परकीच बाई होती.

"मघाचं दाखव," तो घाईने म्हणाला. "मी हात लावायच्या आधीचं."

तिने छोट्या पडद्यावर दाखवलं. पडदाभर त्याचीच बोटं, सुजलेले सांधे, नखांतली माती.

"आणि मागे ते धुरकट काय?"

"चेहरा तो. फोकस तुमच्या हातांवर होता."

दिवसभराचं सगळं पाहून झालं. कुठे कान, कुठे अर्धा अंबाडा.

"चेहरा कोणाचा, ते सांगायचंत तरी!"

"तू विचारलंस?"

"दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, मातीचा."

"माझ्या आक्काचा," तो पुटपुटला.

पोरीने छोटा पडदा मिटला. "पुन्हा आठवून करा ना. आम्ही थांबतो."

त्याने डोळे मिटले. आक्का आली, पण मातीची. नऊ वर्षं रोज पाहिलेली. तिच्याआधीची, हसणारी, त्याच्यावर डाफरणारी आक्का काही केल्या दिसेना.

कॅमेरावाला सामान घेऊन बाहेर गेला. पोरगी मात्र स्टूल ओढून समोर बसली.

"कशा होत्या त्या? सांगा मला."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. पण सुरुवात कुठून करावी, तेच त्याला कळेना.