तळाचं लेबल

"नाही बसत हो काका. आणि मी दाबून बसवणारही नाही," असं म्हणत दुरुस्तीवालीनं लॅपटॉपच्या पोटातून बोटं बाहेर काढली.

काकांना काही पटेना. चौतीस वर्षं हॉस्पिटलच्या औषधखिडकीमागे उभा राहिलेला माणूस. चिठ्ठी एकदा, लेबल दोनदा आणि हातात देताना पुन्हा एकदा वाचल्याशिवाय त्यांनी साधी खोकल्याची बाटलीसुद्धा कुणाला दिली नव्हती. सगळे त्यांना लेबलकाका म्हणायचे, थोडं कौतुकानं आणि बरंचसं वैतागून. लॅपटॉपचा वेग वाढवायला ही रॅमची पट्टी आणतानाही त्यांनी तेच केलं होतं. लॅपटॉप उलटा केला, भिंग लावून तळाचं लेबल वाचलं, मॉडेलचा नंबर उतरवून घेतला, कंपनीच्या यादीत शोधला आणि तिथे लिहिलेली पट्टी बरोब्बर विकत आणली. आता नुसती बसवून घ्यायची, एवढंच तर काम!

"लेबलावर आहे तीच आणलीय हो. तीनदा वाचलंय मी."

"वाचलं असेल. पण उघडून आतली जुनी पट्टी बघितलीत?"

"लेबल असताना बाटली फोडून कोण बघतं?"

"आम्ही बघतो," ती हसून म्हणाली आणि तिनं दोन्ही पट्ट्या काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या.

काकांनी खिशातून भिंग काढलं. तीच हिरवी पट्टी, तेच काळे चौकोन, लांबी जवळजवळ तीच. मग खालच्या सोनेरी दातांकडे नजर गेली. दातांच्या मध्ये एक बारीकशी खाच होती. जुनीत ती इकडे, नवीत जरा तिकडे.

"ही खाच मुद्दाम केलेली असते का?"

"मुद्दामच. जुन्या जातीला जास्त वीज लागते, नवीला कमी. चुकून एकीच्या जागी दुसरी जाऊच नये म्हणून."

"अरे वा!" काका खुर्चीत पुढे सरकले. "आमच्या बाटल्यांना असं करता आलं असतं तर मी तीन वर्षं डोळे कशाला फोडले असते?"

डोळे फोडले ते एका यादीसाठी. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या औषधांच्या चारशे जोड्या, फोटोंसकट. निवृत्त झाल्यापासून काकांनी दुसरं काही केलं नव्हतं. सोमवारी हॉस्पिटलात सहा नवी मुलं रुजू होणार होती आणि ही यादी त्यांच्या हातात पडायची होती. पण फोटो वाढत गेले तसा लॅपटॉप थकला. परवा तर मध्येच बंद पडला आणि अकरा जोड्या घेऊन बुडाला. आज होता शुक्रवार.

"मग जुन्या जातीची द्या."

"मागवावी लागेल. बुधवार उजाडेल."

काकांचा चेहरा उतरला. पण गप्प बसतील तर ते लेबलकाका कसले? "मला एक सांगा ताई, लेबल खोटं कसं बोलेल?"

तिलाही ते कोडं सुटल्याशिवाय चैन पडेना. तिनं आतल्या बोर्डावरचा नंबर वाचला, तळाच्या झाकणावरचा वाचला, पुन्हा दोन्ही वाचले. "काका, हे झाकण या मशीनचं नाही. एक वर्षानं नव्या मॉडेलचं आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कुणीतरी बदललंय. आणि हा स्क्रू बघा, बाकीचे काळे, हा एकटा पांढरा. कॅल्क्युलेटरचा वाटतोय मला. घरात असाच दुसरा लॅपटॉप होता का?"

काकांनी भिंग खाली ठेवलं.

होता. बायकोचा. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिच्या कॅल्क्युलेटरला कायम रबरबँड गुंडाळलेला असायचा.

पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी काकांच्याच हातून त्यांचा हा लॅपटॉप फरशीवर आपटला होता. आवाज असा झाला, की उलटून बघायची त्यांची हिंमत झाली नाही. न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. सकाळी बायको म्हणाली, "ओरखडासुद्धा नाही. उगाच उपाशी झोपलात." पंधरा दिवसांनी त्यांना दिसलं, की तिच्या नव्या लॅपटॉपचा तळ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलाय आणि तिनं त्याला चिकटपट्टी लावलीय. काकांना चेव आला. "तुझ्या हातात काही धड राहील तर शपथ!" नुसतं बोलून भागलं नाही म्हणून त्यांनी हॉस्पिटलातलं लाल लेबल आणलं. 'वापरण्यापूर्वी हलवावे.' त्यातलं 'हलवावे' खोडून 'हलवू नये' केलं आणि दिलं तळावर चिकटवून. ते वाचून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. एवढं काय हसण्यासारखं आहे, हे काकांनी विचारलं नाही. आपला विनोद जमला असं वाटून ते खूश होते. पुढे येईल त्या पाहुण्याला तो तळ दाखवायचे.

आता विचारायला ती नव्हती. दीड वर्ष होऊन गेलं होतं.

"आहे," काका म्हणाले. "अर्ध्या तासात आणतो."

कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तिच्या शालीखाली तो होता. तो घेऊन आले तेव्हा दुरुस्तीवालीनं लाल लेबल वाचलं आणि ती हसली. मग तिनं त्याचा एक कोपरा नखानं हळूच उचलला. खाली कंपनीचं लेबल होतं, आणि त्यावर काकांच्या जुन्या मशीनचा नंबर. लेबलावर लेबल चिकटवलं म्हणून ज्यांनी खिडकीमागे कितीतरी जणांना फैलावर घेतलं होतं, त्यांनीच घरी ते केलं होतं.

तिनं झाकण उघडलं. आत एक जागा रिकामी होती. नवी पट्टी तिरकी धरून तिनं सरकवली, अलगद दाबली. कट्ट. मग काकांच्या लॅपटॉपमधली यादी पेनड्राइव्हवर घेऊन इथे उघडली. चारशे जोड्या भराभर खाली सरकत गेल्या, कुठे अडल्या नाहीत.

"झालं तुमचं काम! सोमवार गाठाल आता." झाकण लावता लावता ती थबकली. "काका, या मॉडेलचं नवं झाकण आहे माझ्याकडे. हे तडकलेलं टाकून देऊ?"

"नको, नको," काका घाईघाईनं म्हणाले. "ते माझंच आहे."

त्यांनी लाल लेबलाचा उचललेला कोपरा अंगठ्यानं दाबून नीट बसवला आणि लॅपटॉपखाली दोन्ही हात धरून, न हलवता, ते घराकडे निघाले.