आज किती तपंल?

महांतेश कूलरवाल्याची अक्षरा जन्मापासून बिनघामाची. डागदरानं सांगितलेलं, हिच्या अंगात घामाच्या गाठीच न्हाईत. ऊन चढलं की पोरीच्या अंगाचा ताप चढणार, आन् उतरायला वाट न्हाई. म्हणून नांदेडात लोकं सकाळी उठून चहा बघतात, ह्यो गडी आधी आभाळ बघायचा. दुपारचा पारा बत्तीसच्या खाली राहणार असंल तर पोरगी शाळंत, वर जाणार असंल तर घरात.

उन्हाळ्याचं काय, डोळे झाकून बेचाळीस म्हणावं. खोडी सगळी पावसाळ्याची. सकाळी असं काळं भरून येतंय की सूर्यानं रजा टाकली म्हणावं, आन् घडीभरानं आभाळ फाटून असलं चिडकं ऊन पडतंय, बघाय नको.

त्या पंधरा ऑगस्टला अक्षराला लेझीम खेळायची होती. गणवेश घालून दारात उभी.

"अप्पा, किती?"

महांतेशनं आभाळ बघितलं, भिंतीला हात लावला, मोबाईल बघितला. "तीस. लई झालं तर एकतीस."

"म्हंजे जाऊ?"

"हाव, जा."

आतून त्याची बायको मंजुश्री बोलली, "अवो, पान हलून न्हाई राहिलं. जीव नुसता कोंडून राहिला. आज नको."

"तू काय हवामान खात्यातून रिटायर झालीस का? मे महिन्यात देगलूरला न्हेली न्हवं हिला? ओला शर्ट घातला, एसटीच्या खिडकीत बसवली. हसत उतरली पोरगी!"

त्यानं शर्ट बादलीत बुचकळला, पोरीच्या अंगात घातला, शाळंत सोडली आन् नजीरचाचाच्या शिलाईच्या दुकानात कूलर बघाय गेला.

"अरे महांतेश," चाचा म्हणाले, "पानी काठोकाठ भरा, फिर भी ठंडक नै! तेरा कूलर है या डबडा?"

"चाचा, दर साली तेच सांगून राहिलो तुम्हाला. पावसाळ्यात हवाच ओली. पाणी वाळंल तवा गार लागंल ना. वाळतच न्हाई तर..."

तोंडातलं तोंडातच राहिलं. दुकानाच्या पायरीवर लख्ख ऊन पडलं होतं.

"क्या हुआ रे?"

"चाचा, गाडी काढा. माझी अक्षू! ओल्या शर्टात सोडलीय तिला!"

शाळंच्या ओट्यावर पोरगी आडवी पडलेली. हुमा मॅडम ओढणीनं वारा घालत होत्या, आन् डोळ्यातून पाणी. "अहो, शर्ट ओला होता, म्हणून मला वाटलं ठीक असेल."

शर्ट ओलाच होता, निथळून राहिलेला. खालचं अंग तव्यावानी. अक्षरा कायबाय बडबडत होती, बापाला वळखीना. चाचांनी हापिसातला टेबलफॅन उचलून आणला, महांतेशनं रांजणातलं गार पाणी तांब्यावर तांब्या वतलं. डागदर येईपस्तोर हात थांबला न्हाई.

डागदरानं सलाईन लावल्यावर कुठं पोरीनं डोळे उघडले. आधी बापाकडं बघितलं.

"लेझीम झाली?"

त्यानं तिच्या कपाळाला हात लावून बघितला.

रात्री मोबाईलनं दिवसाचा पारा दाखवला. एकतीस. आकडा चुकलाच न्हवता. त्यानं मोबाईल पालथा घातला. मंजुश्री एवढंच म्हणाली, "आता दिवाळीपस्तोर घरीच." आन् अक्षरानं ताट सरकवलं, ते दुसऱ्या दिवशीबी सरकवलं.

तिसऱ्या दिवशी महांतेशनं दुकानाला कुलूप घातलं, बॅटरीचा पंखा अन् पाण्याचा जार घेतला, पोरीला घेऊन शाळंत गेला. "मॅडम, मी वर्गाबाहेर बसतो."

"अप्पा, खिडकीत दिसू नका," अक्षरा दात आवळून म्हणाली. "पोरी हसतेत मला."

म्हणून तो बसला भिंतीआड, लिंबाखाली. पोरगी दिसत न्हवती. आत पाढे चाललेले, तेवढ्या आवाजात तिचा आवाज धुंडाळत बसला. वर ढग सरकले, अंगणात ऊन उतरलं. तिचा आवाज ऐकू येईना. पंखा घेऊन उठला. दोन पावलं टाकली. मग बारीक आला आवाज, तेराव्या पाढ्यात अडखळलेला.

तो परत खाली बसला, पण पंखा हातातच.