चार बोटं माया

"छप्पर बुटकं आहे," हे ट्रेलरच्या आतून ओरडले. "ठकीचे कान लागतील वर."

ठकी म्हणजे आमच्या लेकीची घोडी. आणि हे म्हणजे आमचे हे. जन्मभर माणसांचे कपडे शिवले, आणि आता तीन रविवार जीपमागे जोडायचा, एक घोडा मावेल एवढा लहान ट्रेलर शोधत फिरत होते. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात टेप होतीच. ती बहुधा आमच्या लग्नातही होती.

"साहेब, घोडीची उंची किती?" ट्रेलरवाल्याने विचारलं. लेकीने सांगितली.

"मग हातभर जागा उरते की!"

"ती उंची खांद्यापर्यंतची," हे म्हणाले. "खांद्यापर्यंत कोणी उंची मोजतं का?"

"घोड्याची तशीच मोजतात, बाबा."

"आणि मान काय घरी ठेवून जाणार आहे?"

ट्रेलरवाला पोट धरून हसला. त्याला हसायला काय जातंय? आदल्या रविवारी एक ट्रेलर अरुंद निघाला होता, एकाची जमीन निसरडी होती, एकाच्या रंगाला म्हणे वास येत होता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी गत.

लेकीला दूर डोंगरातल्या एका शाळेत घोडेस्वारी शिकवायची नोकरी लागली होती. स्वतःची घोडी घेऊन या, असं त्यांनी बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर ते दुसऱ्या कोणाला तरी घेणार. ट्रेलर नाही तर घोडी नाही, घोडी नाही तर नोकरी नाही. हे यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर छप्पर बुटकं होतं.

मी यांना बाजूला घेतलं. "आज नाही घेतला तर पोरगी राहील इथंच."

"मी कुठं नको म्हणतोय? माप बसायला नको का?"

"कशाचं माप बसत नाहीये ते कळतंय मला."

मला काय पोरगी जड झाली होती? पण दोघांनीही पाय धरून ठेवले तर ती चालणार कशी? हे पुन्हा ट्रेलरमध्ये शिरले आणि छपराला टेप लावून उभे राहिले.

लेक त्यांच्या मागून आत गेली. अंगात तेच निळं जॅकेट होतं, ती सोळा वर्षांची असताना यांनी शिवलेलं. कपडा शिवताना शिवणीच्या आत जास्तीचं कापड मुडपून ठेवतात, त्याला शिंपीलोक माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि थोडी माया सोडायची. त्या जॅकेटला यांनी इतकी माया ठेवली होती, की सुरुवातीला पोरगी गादीत गुंडाळल्यासारखी दिसायची.

"बाबा, हे बघा." तिने जॅकेटची कड उलटी करून दाखवली. "दरवर्षी सोडत आलात. आता आत काही उरलंच नाही. यंदा जाड झाले, तर माझं मला नवीन घ्यावं लागणार."

ती आपली गमतीने म्हणाली. यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"संपली खरी," म्हणाले.

मग बाहेर येऊन ट्रेलरवाल्याला सांगितलं, "हा द्या. पण पुढचा आडवा दांडा उघडा आहे. घोडीच्या छातीला लागेल. त्याला गादी मी शिवून घालीन."

घरी आल्यावर जेवायलाही न थांबता हे मशीनवर बसले. जाड कापड, आत कापूस, दोन्ही टोकांना बंद. मी गादी हातात घेऊन चाचपली. शिवणीत चांगली चार बोटं माया होती.

"अहो बाबा," लेक हसायला लागली, "ठकी आता कुठली वाढतेय?"

"असू दे. आत मुडपलेली असते. कोणाला टोचत नाही."

लेक हसायची थांबली. तिने गादी नेऊन दांड्याला घट्ट बांधली.

सकाळी निघायची वेळ झाली. ठकी ट्रेलरच्या मागच्या उतरत्या फळीवर दोनदा अडली, मग आत गेली, गादी हुंगली आणि गुमान उभी राहिली. फळी वर उचलून लावल्यावर हे मागे वाकून तिची कडी तपासत बसले. ती केव्हाच लागली होती. लेक पाया पडायला आली तेव्हाही यांचा एक हात कडीवरच होता. मग ती जीपमध्ये बसली, आणि ट्रेलर खडखडत कोपऱ्यावरून वळला.

रस्ता रिकामा झाल्यावर हे म्हणाले, "कान लागले का गं वर?"

"नाही लागले."

"लागले असते तर बरं झालं असतं," हे म्हणाले, आणि दुकान उघडायला गेले.